आजारी प्रवाशाची जबाबदारी कोणाची?

आजारी माणसाला विमानाने नेणे ही आता मोजक्या श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. त्यांतील कित्येक जण वेळ व दगदग वाचावी म्हणून विमानाचा मार्ग धरतात. उपचार थांबल्यावर ‘आता मला घरी न्या’ या वडीलधाऱ्यांच्या इच्छेखातरही तिकिटे काढली जातात. अशा प्रवासात काही विपरीत घडले तर जबाबदार कोण, हा प्रश्न बहुधा विमान उतरल्यावर विचारला जातो. वास्तविक तो तिकीट काढतानाच विचारावयास हवा.

उडत्या विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. तो सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका, म्हणजे १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखरावरील दाबापेक्षाही कमी असू शकतो. निरोगी माणसाला हे फारसे जाणवत नाही. फुफ्फुसाचा वा हृदयाचा विकार असलेल्या रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू मात्र धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. नुकत्याच झालेल्या काही शस्त्रक्रियांनंतर शरीरात अडकलेली हवा प्रसरण पावून इजा करू शकते.

म्हणूनच अलीकडे झालेला हृदयविकाराचा झटका, मोठी शस्त्रक्रिया, प्राणवायूची वा स्ट्रेचरची गरज अशा प्रसंगी विमान कंपन्या ‘मेडिफ’ नावाचा वैद्यकीय माहितीचा अर्ज मागतात. उपचार करणारे डॉक्टर तो भरतात आणि त्याच्या आधारे कंपनी निर्णय घेते. परवानगी नाकारली जाईल या भीतीने अनेक कुटुंबे आजार लपवितात. विम्याच्या करारात परमविश्वासाचे तत्त्व असते. महत्त्वाची माहिती दडविणाऱ्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो. विमानप्रवासात तर दडविलेल्या माहितीची किंमत प्राणांनी मोजावी लागण्याचा संभव असतो.

कायदाही येथे सरसकट मदतीला येत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीचा १९९९ चा माँट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. त्यानुसार प्रवाशाचा मृत्यू वा शारीरिक इजा ‘अपघाता’मुळे झाली तरच कंपनी उत्तरदायी ठरते. हाच शब्द जुन्या वॉर्सा करारातही होता. त्याचा अर्थ लावताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले, की विमान नेहमीप्रमाणे चालले असताना प्रवाशाच्या शरीरातच उद्भवलेला त्रास हा अपघात नव्हे.

परंतु याच न्यायालयाने २००४ मध्ये दुसरी बाजूही दाखविली. दमा असलेल्या प्रवाशाची जागा धूम्रपानाच्या विभागापासून दूर हलवावी, अशी विनंती त्याच्या पत्नीने वारंवार केली. सेविकेने ती नाकारली आणि प्रवासी दगावला. न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. कुटुंबाने आजाराची कल्पना दिली होती, म्हणूनच कंपनीला आपले कर्तव्य टाळता आले नाही.

माहिती मिळताच प्रवाशाला उतरवून मोकळे होणे हाही उपाय नव्हे. २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना आसनावर बसल्यानंतर विमानातून उतरविण्यात आले. त्या आजारी नव्हत्या. २०१६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

तात्पर्य, ही जबाबदारी एकाची नाही. कुटुंबाने खरी माहिती द्यावी, डॉक्टरांनी भिडेपोटी दाखला देऊ नये, कंपनीने त्या माहितीची माणुसकीने दखल घ्यावी. हवेत असताना विमान जवळच्या विमानतळावर उतरवायचे की पुढे न्यायचे, हा अंतिम निर्णय वैमानिकाचा असतो. पण तो त्याच्या हाती असलेल्या माहितीवरच घेतला जातो. ती माहिती देणारा पहिला माणूस घरातलाच असतो. डॉक्टरांनी रेल्वेचा वा रुग्णवाहिकेचा मार्ग सुचविला, तर तो मानण्यात रुग्णाचेच हित असते.