कुऱ्हाडीपूर्वींची हरकत

वृक्षास संस्कृतांत ‘पादप’ म्हणजे पायांनीं पिणारा असें म्हणतात. हे पाय पाणी पितात, परंतु चालत नाहींत. कुऱ्हाड आली तरी वृक्षास पळतां येत नाहीं, कीं कचेरींत जाऊन दाद मागतां येत नाहीं. तें काम नागरिकांनींच व तेंही वेळेवर केलें पाहिजे, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

आमच्या नागपुराचेंच उदाहरण घेऊं. अजनी येथील रेल्वे वसाहतींत कित्येक दशकें वाढलेली दाट झाडी आहे. कागदोपत्रीं ती रेल्वेची जागा. ‘अजनी वन’ हें नांव तिला लोकांनीं दिलें. रेल्वे, मेट्रो व बस यांस एकत्र आणणारें ‘इंटरमोडल’ स्थानक तेथें बांधण्याची योजना राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानें आखली, तेव्हां हजारों वृक्षांवर गदा आली. २०२० व २०२१ सालीं नागरिक विरोधास उभे राहिले. त्यांनीं महानगरपालिकेकडे लेखी हरकती दाखल केल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेंही गेलें. ती योजना त्या रूपांत उभी राहिली नाहीं. ११ डिसेंबर २०२२ रोजीं पायाभरणी झाली ती अजनी स्थानकाच्या पुनर्विकासाची. याचें सारें श्रेय हरकतींचें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कुऱ्हाडीपूर्वीं विचारास अवधि मिळाला, हें खास.

मुंबईच्या आरे वसाहतींत तो अवधि मिळाला नाहीं. हरकती तेथेंही घेतल्या गेल्या होत्या. परंतु मेट्रोच्या कारशेडविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयानें ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं फेटाळल्या आणि त्याच रात्रीं करवती चालूं लागल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली, तोंवर २,१४१ झाडें आडवीं झालीं होतीं. आज त्या भुयारी मार्गावर गाड्या धावतात व लोकांची मोठी सोय होते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण न्यायालयाचा निकाल फिरवितां येतो. तोडलेलें झाड पुन्हा उभें करतां येत नाहीं.

‘एका झाडाबदलीं अनेक रोपें लावूं’ हें आश्वासन ऐकावयास गोड आहे. २०२१ च्या सुधारणेनुसार तोडलेल्या झाडाचें जितकें वय, तितकीं रोपें लावावीं लागतात. परंतु २०१३ च्या मे महिन्यांत ज्या नागपुरानें ४७.९ अंशांचा ताप सोसला, तेथें पन्नास रोपांची मिळून एका जुन्या निंबाइतकी सावली पडावयास किती वर्षें लागतील, हें वाचकांनींच ठरवावें.

१९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यान्वयें तोडीपूर्वीं वर्तमानपत्रांत व प्रत्यक्ष झाडावर जाहीर सूचना लावावी लागते व हरकती मागवाव्या लागतात. आपण ती सूचना वाचीत नाहीं. वाचली तरी ‘आपल्या एका कागदानें काय होणार’ म्हणून स्वस्थ बसतों. हरकत घेतल्यानें झाड वाचतेंच असें नाहीं, पण न घेतल्यास लोकांची संमति आहे असें मानण्यास जागा राहते. म्हणून मुदतीच्या आंत, झाडांची संख्या, जात, अंदाजें वय व पर्यायी जागा यांचा निर्देश करून, सौम्य परंतु स्पष्ट भाषेंत अर्ज लिहावा व त्याची पोंच घ्यावी.

आम्हीं उभी हयात मुलांस अर्ज लिहावयास शिकविण्यांत घालविली. त्या विद्येचा याहून चांगला विनियोग आम्हांस ठाऊक नाहीं.