साखर आतड्यात घाईने पोचते तेव्हा

चक्कर आलेल्या माणसाला आपण चटकन साखरपाणी देतो. पण लठ्ठपणासाठी जठरावर शस्त्रक्रिया झालेल्या काहींना साखरपाण्यामुळेच चक्कर येते! असे का व्हावे?

जठर ही नुसती पिशवी नव्हे. त्याच्या शेवटी असलेली स्नायूंची झडप घुसळलेले अन्न थोडेथोडे करून लहान आतड्यात सोडते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९६६ साली एडवर्ड मेसन यांनी लठ्ठपणासाठी ‘गॅस्ट्रिक बायपास’ शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्या आजच्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी बनवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्नाच्या वाटेत झडप उरतच नाही.

आता थोडे गणित करू. पाव लिटर द्रावणात ५० ग्रॅम ग्लुकोज आहे असे समजू. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणजे हे ०.२८ मोल झाले. लिटरमागे सुमारे १.१ मोल. रक्तद्रवात विरघळलेल्या सर्व कणांचे प्रमाण लिटरमागे ०.२९ मोलच्या आसपास असते. म्हणजे आतड्यात आलेले द्रावण रक्ताच्या जवळजवळ चौपट संहत! परासरणाने पाणी रक्तातून आतड्यात ओढले जाते. कच्च्या बटाट्याच्या खळग्यात साखर ठेवली की तेथे पाणी जमते, हा वर्गातील प्रयोग येथे आठवावा.

आतडे ताणले जाते, काही संप्रेरके स्रवतात. खाल्ल्यानंतर १० मिनिटे ते तासाभरात पोटात कळ, जुलाब, धडधड, घाम, चक्कर सुरू होते. याला ‘डंपिंग’ म्हणतात. पिष्टमय पदार्थांत तेवढेच ग्लुकोज मोठमोठ्या रेणूंत बांधलेले असते. कणांची संख्या कमी, म्हणून ओढही कमी.

दुसरा प्रकार १ ते ३ तासांनी होतो. ग्लुकोज झपाट्याने रक्तात शिरते, स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते आणि रक्तातील साखर फार खाली जाते. थरथर, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे.

म्हणून अशा व्यक्तीला चक्कर आली तर पहिला प्रश्न विचारावा: खाऊन किती वेळ झाला? नुकतेच गोड खाल्ले असेल तर आणखी साखर देऊन त्रास वाढेल. आडवे पडणे बरे. दोन तास उलटले असतील तर साखर उतरलेली असू शकते. ती तपासावी. उतरली असेल तर थोडी साखर द्यावीच लागते, पण नंतर प्रथिनयुक्त खाणे हवे. नाहीतर तेच चक्र पुन्हा फिरते. शुद्ध हरपली तर तोंडातून काहीही न देता तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

बहुतेकांना थोडेथोडे खाणे, गोड टाळणे आणि जेवताना पाणी न पिणे एवढ्याने आराम पडतो. यात मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न नाही. पंगतीत कोणी जिलबी नाकारली तर आग्रह न करणे, एवढे विज्ञान आपल्याला सहज आचरता येईल.