‘मुद्दाम केलं नव्हतं’, तरी मुलगी आऊट का? सॉफ्टबॉलमधला अडथळ्याचा नियम

मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या मुलींचा सॉफ्टबॉल संघ बाहेरगावी सामना खेळायला गेला होता. शेवटची इनिंग, दोन आऊट झालेले, बरोबरीला एक रन कमी. आमची एक मुलगी दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे धावत होती. बॅटरने मारलेला बॉल जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे गेला. ती उचलायला वाकली आणि आमची मुलगी तिच्यावर आदळली. अंपायरने हात वर करून ‘डेड बॉल’ म्हटलं आणि आमच्या मुलीला आऊट दिलं. सामना संपला.

मग एकच गलका! ‘ती तर आपल्या रस्त्याने धावत होती, मुद्दाम थोडीच धडकली?’ मुलीचे अब्बू आम्हाला म्हणाले, ‘सर, ही सरळ बेइमानी आहे. उद्यापासून पोरीला पाठवणार नाही.’ खरं सांगायचं तर आम्हीही त्यांच्यासोबत ओरडत होतो. परत आल्यावर नियम काढून वाचले, तेव्हा कळलं की अंपायर बरोबर होते.

रस्ता कोणाचा?

बॅटरने मारलेला बॉल फिल्डर अडवत असेल, तर त्या जागेवर पहिला हक्क फिल्डरचा. रनरने तिला चुकवून जायचं. त्यासाठी तिने नेहमीची वाट सोडून मागून किंवा पुढून वळसा घेतला, तरी ती वाट सोडल्याबद्दल आऊट होत नाही. आमच्या मुलीला एवढंच शिकवलेलं असतं तर बरं झालं असतं. चूक तिची कमी, आमची जास्त.

याला म्हणतात इंटरफिअरन्स, म्हणजे बॅटिंग करणाऱ्या संघाने घातलेला अडथळा. खेळ लगेच थांबतो, अडथळा आणणारी रनर आऊट होते, बॅटरला सहसा पहिला बेस मिळतो आणि बाकीच्या रनर आधीच्या बेसवर परततात. बॅटरला जागा देण्यासाठी पुढे सरकावं लागलं तरच त्या सरकतात. डबल प्ले मोडायला मुद्दाम धडक दिली असं अंपायरला वाटलं, तर आणखी एक जण आऊट होऊ शकते.

उलट बाजूही आहे. फिल्डरकडे बॉल नाही, ती बॉल अडवतही नाही, तरी वाटेत उभी राहून रनरला रोखते. हे ऑब्स्ट्रक्शन. यात अंपायर डावा हात आडवा धरतात आणि खेळ चालू ठेवतात. अडथळा नसता तर रनर जिथे पोचली असती, तो बेस तिला नंतर मिळतो.

नियत कधी बघतात?

घरात आपण म्हणतो, पोराची नियत बघा. मैदानात मात्र फिल्डर बॉल अडवत असताना रनर आदळली, तर नियत विचारली जात नाही. फिल्डरची संधी गेली का, एवढंच अंपायर बघतात. बेस सोडून धावणाऱ्या रनरला बॅटरचा फेअर बॉल फिल्डरपर्यंत पोचण्याआधीच लागला, तरी ती आऊट. फेकलेल्या बॉलचं तसं नाही. धावताना पाठीवर थ्रो लागला म्हणून कोणी सहसा आऊट होत नाही. हात घालून तो अडवला तर होते.

बॅटरनेही जपायचं

रनर बेस चोरत असताना कॅचर थ्रो करते. त्या वेळी बॅटर आपल्या चौकटीबाहेर येऊन आडवी आली, तर बॅटर आऊट आणि रनर मागे. चौकटीत राहून मुद्दाम अडवलं तरी तेच.

होम प्लेट ते पहिला बेस हे अंतर 60 फूट. त्यातल्या शेवटच्या 30 फुटांत 3 फूट रुंदीची पट्टी आखलेली असते. पट्टीबाहेर धावून पहिल्या बेसवर थ्रो घेणाऱ्या मुलीला अडथळा केला, तर बॅटर आऊट. टक्कर टळावी म्हणून पुष्कळ ठिकाणी तिथे जोड बेस असतो: पांढरा भाग फिल्डरचा, रंगीत भाग धावणाऱ्या बॅटरचा.

पालकांनी काय करावं?

अडथळा झाला की नाही, हा अंपायरचा निर्णय. त्यावर प्रोटेस्ट चालत नाही. नियमच चुकीचा लावला असेल तर प्रोटेस्ट करता येतो, पण तोही पुढचा बॉल टाकण्याआधी आणि संघाच्या कोचने. आपण बाहेरून ओरडून काही बदलत नाही, आत उभी असलेली मुलगी तेवढी घाबरते.

दोन दिवसांनी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. चहाचे कप बेससारखे मांडून सगळा प्रसंग पुन्हा दाखवला आणि आमची चूक कबूल केली. अब्बू बराच वेळ कपांकडे बघत राहिले. मग मुलीला म्हणाले, ‘म्हणजे तू मागून वळून जायला हवं होतंस.’ पुढच्या सोमवारी ती सरावाला आली.