बेघरांचे प्रकार

रामकुंडावर पहांटे स्नानास जाणारांस घाटाच्या पायऱ्यांवर गोधड्या पांघरून निजलेलीं माणसें दिसतात. आपण त्या सर्वांस 'भिकारी' या एकाच शब्दांत गुंडाळून, चार नाणीं टाकून पुढें होतों. त्यांत स्वेच्छेनें गृहत्याग केलेला बैरागीही असतो. संस्कृतांत त्यास 'अनिकेत' म्हणतात. त्याचा विचार येथें कर्तव्य नाहीं. ज्यांस घरानेंच सोडलें, त्यांच्याविषयीं आम्ही लिहीत आहों.

कून व कल्हेन या अमेरिकन संशोधकांनीं न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील निवारागृहांच्या नोंदी तपासून १९९८ सालीं एक वर्गीकरण मांडलें. मनुष्य कितीदां आला व किती दिवस राहिला, एवढेंच त्यांनीं पाहिलें. शेंकडा सुमारें ८० जण एकदां-दोनदां येऊन थोड्याच काळांत निघून गेलेले आढळले. सुमारें १० जणांच्या वारंवार खेपा होत. उरलेले १० तेथेंच दीर्घकाळ राहिलेले, बहुधा वयानें मोठे व आजारानें खचलेले. मौज अशी कीं, निवाऱ्यांतील एकूण दिवसांपैकीं जवळजवळ निम्मे या मूठभरांनींच व्यापिले होते! त्यामुळें कोणत्याही एका रात्रीं पाहणारास सगळेच कायमचे वाटावे, यांत नवल नाहीं. घाटावर आपलेंही असेंच होतें. नेहमींचे चेहरे तेवढे लक्षांत राहतात. भाडें थकलें म्हणून काल बाहेर पडलेला डोळ्यांत भरत नाहीं. आणि महिन्याभराच्या आधारानें सांवरेल असा तोच असतो! तेव्हां 'कोठला?' याऐवजीं 'केव्हांपासून?' असें विचारणें अधिक उपयोगाचें.

मात्र हें परदेशी माप नाशकास तंतोतंत बसत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रींत झाली. देशांत सुमारें १७ लाख ७३ हजार व महाराष्ट्रांत सुमारें २ लाख ११ हजार भरले. परंतु फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांचा हंगाम. पेठ-सुरगाण्याकडील कित्येक आदिवासी कुटुंबें त्या सुमारास नाशिक, दिंडोरी, निफाडकडे मजुरीस उतरतात. गांवीं घर आहे, त्यास कुलूप आहे. येथें मात्र कोणी ताडपत्रीखालीं, कोणी उघड्यावर. पावसाळ्याच्या तोंडीं तीं भातशेतीसाठीं परततात. यांस बेघर म्हणावें कीं प्रवासी? आमच्या मतें हा निराळाच चौथा वर्ग होय. वृद्ध रुग्णास कायमची खोली व औषधपाणी लागतें. यांस लागतें तें चार-सहा महिन्यांचें छप्पर, पाणी, शौचकूप आणि पोरांस मध्येंच न तुटणारी शाळा.