हायब्रिड पिकअप खरेदी : संशय बॅटरीवर, बिघाड मात्र इंजिनात

अमेरिकेत पिकअप ट्रक हे हौसेचे वाहन असले, तरी त्याहून अधिक ते पोटापाण्याचे साधन आहे. सुतार, प्लंबर, बांधकाम कंत्राटदार, शेतकरी यांचे दिवसाचे काम या वाहनावर अवलंबून असते. ते आठवडाभर सर्व्हिस सेंटरमध्ये उभे राहिले, तर मालकाचा आठवड्याचा रोजगार बुडतो. त्यामुळे इंधनाची बचत करणारा हायब्रिड पिकअप घ्यावा की नेहमीचा पेट्रोल ट्रक, हा निर्णय घेताना ग्राहकाचा पहिला प्रश्न टिकाऊपणाचा असतो. हा प्रश्न बहुतेक वेळा बॅटरीपाशी सुरू होतो आणि बॅटरीपाशीच संपतो. गेल्या काही वर्षांतील प्रत्यक्ष बिघाडांची नोंद मात्र वेगळ्याच भागाकडे बोट दाखविते.

फोर्ड कंपनीने जून २०२१ मध्ये सादर केलेल्या ‘मॅव्हरिक’ या लहान पिकअपमध्ये हायब्रिड यंत्रणा हीच मूळ आवृत्ती होती. सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरच्या किंचित खाली होती. मागणी इतकी वाढली की जानेवारी २०२२ मध्ये कंपनीला हायब्रिड आवृत्तीची नोंदणी थांबवावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये मॅव्हरिकसह २.५ लिटर हायब्रिड इंजिनाच्या सुमारे एक लाख वाहनांसाठी रिकॉल जाहीर झाला. इंजिन निकामी झाल्यास त्यातून बाहेर पडणारे तेल आणि इंधनाची वाफ तप्त भागांजवळ साचून आग लागण्याचा धोका होता. कंपनीने सुचविलेला पहिला उपाय म्हणजे इंजिनाखालील आवरणात आणि समोरच्या जाळीमागील झडपांत बदल करून ही वाफ व तेल बाहेर जाण्यास वाट देणे. इंजिन निकामी का होते, या प्रश्नाला त्याने हात घातला नव्हता. २०२३ मध्ये सुमारे सव्वा लाख वाहनांसाठी पुन्हा रिकॉल काढावा लागला. दोष इंजिनाच्या ब्लॉक किंवा क्रँकशाफ्टच्या निर्मितीशी संबंधित होता. ज्या बॅटरीची ग्राहकांना धास्ती होती, तिचा या प्रकरणाशी संबंध नव्हता.

टोयोटाच्या ‘टुंड्रा’ या मोठ्या पिकअपची कथा याहून बोलकी आहे. मे २०२४ मध्ये कंपनीने टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार वाहनांसाठी रिकॉल जाहीर केला. ३.४ लिटरच्या दुहेरी टर्बो व्ही-६ इंजिनात निर्मितीच्या वेळी धातूचा चुरा राहून गेला होता आणि त्यामुळे मुख्य बेअरिंग निकामी होण्याची शक्यता होती. पुढे कंपनीने या वाहनांची इंजिने बदलून देण्याचे ठरविले. हायब्रिड टुंड्राचा या मोहिमेत समावेश नव्हता. अनेकांनी याचा अर्थ हायब्रिड आवृत्ती निर्दोष आहे, असा लावला. वस्तुतः दोन्ही आवृत्त्यांत मूळ इंजिन एकच आहे. धावत्या अवस्थेत इंजिन बंद पडले तरी हायब्रिड वाहन विजेच्या मोटारीवर काही अंतर पुढे जाऊ शकते, म्हणून सुरक्षिततेच्या दृष्टीने तो धोका निराळा गणला गेला. रिकॉलचा निकष अपघाताचा धोका हा असतो, वाहनाचे आयुष्य हा नव्हे. रिकॉलच्या यादीत नाव नसणे म्हणजे टिकाऊपणाचे प्रशस्तिपत्र नव्हे, हे वापरलेला टुंड्रा घेणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावयास हवे.

मग हायब्रिड यंत्रणा स्वतः कितपत विश्वासार्ह आहे? येथे ‘हायब्रिड’ या एका शब्दाखाली दोन अगदी भिन्न रचना येतात. मॅव्हरिकमध्ये इंजिन आणि दोन विद्युत मोटारी ग्रहीय दंतचक्रांच्या एका संचाने जोडलेल्या आहेत. वेग आणि भार यांनुसार शक्तीची वाटणी हा संचच करतो. त्यामुळे नेहमीचा अनेक गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स, स्टार्टर मोटार आणि अल्टरनेटर हे झिजणारे भाग गाडीतून वजा होतात. वेग कमी करताना मोटारच जनित्राचे काम करीत असल्याने ब्रेकही कमी झिजतात. ही रचना नवी नाही. टोयोटाने १९९७ मध्ये ‘प्रियस’मधून ती जपानच्या रस्त्यांवर आणली, तर फोर्डने २००४ मध्ये ‘एस्केप हायब्रिड’मध्ये याच धाटणीची यंत्रणा वापरली. सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सी म्हणून चाललेल्या काही एस्केप हायब्रिड गाड्यांनी तीन लाख मैलांचा, म्हणजे सुमारे ४ लाख ८० हजार किलोमीटरचा पल्ला गाठला होता.

फोर्डच्या ‘एफ-१५० पॉवरबूस्ट’ आणि टुंड्राच्या ‘आय-फोर्स मॅक्स’ या मोठ्या ट्रकांची रचना वेगळी आहे. तेथे दुहेरी टर्बोचे व्ही-६ इंजिन तसेच राहते, १० गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्सही तसाच राहतो आणि या दोहोंच्या मध्ये विद्युत मोटार बसविली जाते. म्हणजे आधीच गुंतागुंतीच्या यंत्रात आणखी एका यंत्राची भर पडते. टुंड्रात हे मुख्यतः ताकदीसाठी केले आहे. हायब्रिड आवृत्तीची शक्ती ४३७ अश्वशक्ती आहे, पण अमेरिकी सरकारी चाचणीतील तिची सरासरी दोन चाकांवर चालणाऱ्या प्रकारात लिटरमागे सुमारे ९.४ किलोमीटर, तर साध्या आवृत्तीची सुमारे ८.५ किलोमीटर आहे. वर्षाला २४ हजार किलोमीटर चालविणाऱ्याचे जेमतेम २५० लिटर पेट्रोल वाचते. मॅव्हरिकच्या बाबतीत हीच बचत टर्बो पेट्रोल आवृत्तीच्या तुलनेत सुमारे ६४० लिटरवर जाते. जेथे गुंतागुंत घटते तेथे बचत मोठी आणि जेथे ती वाढते तेथे बचत लहान, असा हा उलटा हिशेब आहे.

ग्राहक पाहण्यांतही हा फरक उमटला आहे. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेने २०२३ मध्ये सुमारे ३ लाख ३० हजार वाहनांच्या माहितीवरून हायब्रिड वाहनांत पेट्रोल वाहनांपेक्षा २६ टक्के कमी तक्रारी असल्याचे नमूद केले. बाहेरून चार्ज होणाऱ्या प्लग-इन हायब्रिडमध्ये मात्र तक्रारी १४६ टक्क्यांनी अधिक होत्या. त्याच संस्थेच्या पाहण्यांत एफ-१५० हायब्रिडला सरासरीपेक्षा बरेच कमी गुण मिळाले आहेत. तेव्हा सर्व हायब्रिड वाहनांची सरासरी पुढे करून कोणी मोठा ट्रक विकत असेल, तर ग्राहकाने त्याच मॉडेलचे आणि त्याच वर्षाचे आकडे मागावेत.

बॅटरीची भीती अगदी निराधार आहे, असे नाही. ती बदलण्याचा खर्च काही हजार डॉलरांत जातो. परंतु या बॅटऱ्या आकाराने लहान असतात. मॅव्हरिकची सुमारे १.१, एफ-१५० ची १.५ आणि टुंड्राची १.८७ किलोवॉट-तास इतकीच आहे. संगणक त्यांना कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. मधल्या पट्ट्यात राहिल्यामुळे त्यांचे आयुष्य वाढते. त्यांचा खरा शत्रू उष्णता. टोयोटाच्या अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरीला थंड ठेवणारी हवा आसनाजवळच्या झरोक्यातून आत घेतली जाते. कामाच्या ट्रकमध्ये तेथे सिमेंटची धूळ बसते, कुत्र्याचे केस अडकतात किंवा अवजारांची पिशवी टेकवून ठेवलेली असते. झरोका साफ ठेवणे हे फुकटचे काम आहे आणि तेच सर्वाधिक विसरले जाते.

वॉरंटीचा हिशेब मालकाच्या वापराशी ताडून पाहणे आवश्यक आहे. फोर्ड हायब्रिड यंत्रणेच्या खास भागांना आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी देते. टोयोटा २०२० च्या मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीला दहा वर्षे किंवा दीड लाख मैलांची हमी देते. इंजिन आणि गिअरबॉक्सची हमी मात्र दोन्ही कंपन्यांकडे पाच वर्षे किंवा ६० हजार मैल इतकीच आहे. वर्षाला २५ हजार मैल चालविणाऱ्या कंत्राटदाराची ही हमी अडीच वर्षांच्या आतच संपते, तर त्याचे वाहनकर्ज सहा वर्षांचे असू शकते. ज्या भागाची धास्ती आहे तो दीर्घकाळ संरक्षित आणि ज्या भागात दोष आढळले तो लवकर उघडा पडतो. जादा वॉरंटी घ्यावयाचीच असेल, तर ती इंजिन व गिअरबॉक्ससाठी विचारात घ्यावी.

ओझे ओढण्याची गरज हा दुसरा मुद्दा. पहिल्या मॅव्हरिक हायब्रिडची ओढण्याची मर्यादा दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०० किलो होती. २०२५ च्या मॉडेलमध्ये विशिष्ट पॅकेजसह ती चार हजार पौंडांपर्यंत गेली. मर्यादेच्या टोकावर रोज राबविलेला ट्रक कोणत्याही यंत्रणेचा असो, लवकर थकतो. उलट, बांधकामाच्या जागेवर वीज लागणाऱ्यांसाठी एफ-१५० हायब्रिडची ७.२ किलोवॉटपर्यंतची वीजपुरवठ्याची सोय वेगळ्या जनरेटरचा खर्च वाचवू शकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील हिमलाटेत वीज गेली, तेव्हा काही मालकांनी या ट्रकवर घरे उजळली होती. अशा ग्राहकाने इंधनाच्या बचतीबरोबर याही उपयोगाची किंमत धरणे रास्त ठरेल.

जुना हायब्रिड पिकअप घेणाऱ्यासमोर आणखी एक जोखीम असते. जनरल मोटर्सने २००९ ते २०१३ या काळात ‘सिल्व्हराडो’ व ‘सिएरा’ ट्रकांची दुहेरी पद्धतीची हायब्रिड आवृत्ती विकली. तिचा खप अल्प राहिला आणि ती बंद झाली. असे वाहन यंत्र म्हणून उत्तम असले, तरी त्याचे सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारा जाणकार कारागीर शोधणे हेच काम होऊन बसते. मॅव्हरिक किंवा टुंड्रा घेण्यापूर्वीही जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये उच्चदाब विद्युत यंत्रणेचे प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ किती आहेत आणि भाग येण्यास किती दिवस लागतात, हे विचारून घ्यावे. वाहनाचा १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकल्यास प्रलंबित रिकॉलची माहिती विनामूल्य मिळते. वापरलेल्या ट्रकचा सौदा करण्यापूर्वी ही तपासणी करावी आणि रिकॉलची दुरुस्ती झाल्याचा लेखी पुरावा विक्रेत्याकडून घ्यावा.