अणूचं केंद्रक गोल नसतं? रेडियमच्या पोटातली ‘नासपती’ सापडली तरी कशी

शाळेच्या पुस्तकातला अणू आठवा. मधोमध गोल गोळी, भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन. ती गोळी म्हणजे केंद्रक. प्रत्यक्षात बरीच जड केंद्रकं रग्बीच्या चेंडूसारखी लांबट असतात. आणि काही मोजकी तर चक्क नासपतीसारखी, एकीकडे निमुळती आणि दुसरीकडे फुगीर.

रेडियम-224 हे त्यातलंच एक. याचा थेट पुरावा 2013 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. प्रयोग झाला सर्नच्या आयसोल्डे या केंद्रात, नेतृत्व होतं लिव्हरपूल विद्यापीठाच्या पीटर बटलर यांचं.

आता केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघता येत नाही. त्यात रेडियम-224 जेमतेम साडेतीन दिवसांत निम्मं उरतं. त्यामुळे ते तिथेच ताजं तयार करायचं. युरेनियम कार्बाइडवर प्रोटॉनचा मारा करायचा, त्यातून रेडियम वेगळं काढायचं आणि प्रकाशाच्या वेगाच्या 8 टक्के वेगाने निकेल, कॅडमियम किंवा कथलाच्या पातळ पत्र्यावर सोडायचं.

गंमत म्हणजे केंद्रकांची टक्कर होऊ द्यायची नसते. दोघंही धनभारित, त्यामुळे जवळून जातानाच एकमेकांना हादरा देतात. मडकं टिचकी मारून पारखतात ना, तसंच हे. हादरलेलं केंद्रक गॅमा किरण सोडून शांत होतं आणि त्या किरणांची ऊर्जा आणि प्रमाण मोजलं की आकाराचा हिशेब लागतो. रेडियम-224 कायमची नासपती निघाली. सोबत तपासलेलं रेडॉन-220 मात्र त्या आकारात नुसतं हेलकावे खातं.

पण या आकाराचं एवढं कौतुक कशाला? महास्फोटात द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच तयार झालं असेल, तर दोघांनी एकमेकांना संपवायला हवं होतं. तरी आपण आहोत. म्हणजे निसर्गाच्या नियमांत कुठेतरी डावंउजवं आहे. ते अणूमधल्या विद्युतभाराच्या किंचित असमतोलात दिसू शकतं आणि नासपती केंद्रकात ही खूण शेकडो पटींनी ठळक होते.

2016 मध्ये बेरियम-144 सुद्धा असंच निघालं, तेव्हा ‘आता टाइम ट्रॅव्हल विसरा’ अशा बातम्या फिरल्या. त्या प्रयोगात तसं काहीच मोजलेलं नव्हतं. असमतोलाचा खरा शोध अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत रेडियम-225 वर सुरू झाला. 2015 मध्ये पहिलं मोजमाप जाहीर झालं, आकडा शून्याशी जुळणारा.