दोरी ओढण्याचा अधिकार

कामगारांकडून कल्पना मागवायला फारसा खर्च येत नाही. भिंतीवर एक सूचना पेटी टांगली की झाले. त्या कल्पनेवर काम थांबवायचा अधिकार त्यांना द्यायचा म्हटले की मात्र वरच्यांचे हात आखडतात. टोयोटाची सूचना-योजना 1951 साली सुरू झाली. कंपनीचे एजी टोयोडा आदल्या वर्षी अमेरिकेत फोर्डचे काम पाहून आले होते आणि योजनेचे मूळ तिथलेच. त्याच 1950 मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर होती. कामगारकपात आणि प्रदीर्घ संप यांतून संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला होता. मुद्दाम नोंदवायला हवे, की ही योजना सुखी कुटुंबात जन्मलेली नाही.

पुढे या सहभागाला धार आली ती अँडन दोरीमुळे. जुळणीच्या लाईनवर कुणालाही काही चुकलेले दिसले, तर त्याने डोक्यावरची दोरी ओढायची. फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत गाडी पोचण्याआधी दोष निघाला तर लाईन चालूच राहते, नाहीतर थांबते. थांबलेली लाईन म्हणजे नुकसान, हा आक्षेप रास्त वाटतो. पण खुर्ची, अस्तर, रंग सगळे चढल्यावर आतला बोल्ट ढिला सापडला, की ती गाडी उसवायला याहून कितीतरी जास्त खर्च येतो.

हे जपान्यांनाच जमते, या समजुतीला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटने उत्तर दिले. गैरहजेरी आणि भांडणांसाठी कुप्रसिद्ध असलेला जनरल मोटर्सचा तिथला कारखाना 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो ‘नुम्मी’ नावाने पुन्हा उघडला. कामगार बहुतांशी जुनेच, संघटनाही तीच. तरी थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांच्या बरोबरीला आला. मागणी घसरली तेव्हा कुणाला काढले नाही, प्रशिक्षणाला बसवले. आपली सूचना आपल्याच नोकरीवर उलटणार नाही, ही खात्री कामगाराला त्यातून मिळाली. जनरल मोटर्सने ही पद्धत लॉस एंजलिसमधल्या व्हॅन नाइजला नेली, पण दोऱ्या टांगून विश्वास येईना. तो कारखाना 1992 मध्ये बंद झाला.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे: सहभागाच्या नावाखाली कंपनी कामगाराचे डोकेही फुकटात वापरते. तो खोडता येत नाही. टोयोटात दर्जा सुधारण्यासाठीच्या कामगारांच्या छोट्या गटांच्या, म्हणजे गुणवत्ता मंडळांच्या, बैठका पाळी संपल्यावर होत आणि त्या ‘स्वेच्छेच्या’ मानल्या जात. अतिकामाने मृत्यू आलेल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने 2007 मध्ये हा वेळ कामाचाच धरला. त्यानंतर, 2008 मध्ये, टोयोटाने त्या तासांचा जादा पगार द्यायचे ठरवले. कामगारांनी कल्पना द्याव्यात असे ज्या व्यवस्थापनाला वाटते, त्याने त्यांचा वेळ पगारी तासांतच धरावा.